खाऱ्या पाण्यातील लाली : लोणारचे सरोवर, सागरी प्राणी आणि अँटिऑक्सिडंटांचे वैद्यक

बुलडाणा जिल्हा समुद्रकिनाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर आत, दख्खनच्या पठारावर वसलेला आहे. त्यामुळे सागरी प्राण्यांपासून मिळणाऱ्या औषधी द्रव्यांच्या चर्चेत त्याचे नाव यावे असे वरवर पाहता काही कारण दिसत नाही. परंतु या जिल्ह्यातील लोणारच्या खाऱ्या सरोवराने जून २०२० मध्ये ज्या रंगद्रव्यांचे दर्शन घडवले, त्यांच्याच कुळातील द्रव्ये कोळंबी, शेवंड, खेकडा आणि सामन मासा यांना लाली देतात, रोहित म्हणजेच फ्लेमिंगो पक्ष्याची पिसे गुलाबी करतात आणि आज ‘अँटिऑक्सिडंट’ या नावाने कॅप्सूलमध्ये भरून औषधांच्या दुकानांत विकली जातात. या कुळाची ओळख लोणारपासून करून घेतली, तर सागरी अँटिऑक्सिडंटांविषयीच्या दोन गोष्टी चांगल्या रीतीने उलगडतात. पहिली अशी की, प्राण्यांच्या अंगी दिसणारी ही द्रव्ये बहुधा त्यांची स्वतःची नसून सूक्ष्मजीवांची कमाई असते. दुसरी अशी की, परीक्षानळीत दिसणारा गुण आणि रोग्याला होणारा लाभ यांच्यात मोठे अंतर असून ते ओलांडण्यात आजवर मोजक्याच द्रव्यांना यश आले आहे.

लोणारचे पाणी गुलाबी का झाले

बेसॉल्ट या काळ्या अग्निजन्य खडकावर उल्का आदळून तयार झालेले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून, ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये त्याची नोंद केल्यापासून ते भूशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहे. विवराचे वय पूर्वी सुमारे पन्नास हजार वर्षे मानले जात असे. आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या नंतरच्या मापनाने ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षांपर्यंत मागे नेले. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र विवराच्या वयापेक्षा त्यातील पाण्याला अधिक महत्त्व आहे. कडांवरून आणि झऱ्यांवाटे सरोवरात येणाऱ्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळे त्याची केवळ वाफ होते आणि त्यातील क्षार मागे राहतात. या क्षारांत साध्या मिठाच्या जोडीने सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट असल्याने पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-आम्लारीपणा मोजण्याचा अंक, दहाच्या आसपास असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ असतो आणि सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, हे लक्षात घेतले म्हणजे लोणारचे पाणी समुद्रापेक्षाही किती तीव्र आम्लारीधर्मी आहे हे कळते. अशा पाण्यात मासे जगत नाहीत. तेथे स्पिरुलिनासारख्या नील-हरित जीवाणूंचे आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे राज्य चालते आणि एरवी सरोवराला दिसणारा गडद हिरवा रंग या नील-हरित जीवाणूंमुळेच येतो.

जून २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात हे हिरवे पाणी गुलाबी झालेले आढळले, तेव्हा वनविभागाने पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवले आणि हा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून असा निष्कर्ष निघाला की, उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली जाऊन खारटपणा वाढल्यामुळे ‘हॅलोआर्किया’ या वर्गातील सूक्ष्मजीव मोठ्या प्रमाणावर वाढले होते आणि त्यांच्या पेशींतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे पाणी गुलाबी दिसत होते. हॅलोआर्किया हे दिसायला जीवाणूंसारखे, परंतु वंशाने त्यांच्याहून वेगळे असलेले आदिम एकपेशीय जीव असून, मिठागरे आणि खारी सरोवरे ही त्यांची नेहमीची वस्ती होय. पुढे पावसाने पाणी पातळ झाले, सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि रंग ओसरला. हे कॅरोटिनॉइडयुक्त जीव पोटात गेल्याने रोहित पक्ष्यांच्या पिसांना गुलाबी छटा येते, याकडेही त्या वेळी संशोधकांनी लक्ष वेधले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

ऑक्सिजनचा उपकार आणि अपाय

या रंगद्रव्यांचे औषधी मोल समजण्यासाठी आधी ऑक्सिडीकरण ही प्रक्रिया ध्यानात घ्यावी लागते. एखाद्या रेणूतून इलेक्ट्रॉन निघून जाणे म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण होणे. चिरलेले सफरचंद काळवंडते, डब्यातील जुने शेंगदाणे खवट होतात आणि लोखंड गंजते ते याच प्रक्रियेने. शरीरातील पेशी अन्नापासून ऊर्जा मिळवताना ऑक्सिजन वापरतात तेव्हा त्यातील थोडा भाग पुरता पाण्यात रूपांतरित न होता अर्धवट अवस्थेत सुटतो आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल मूलक अशी अतिक्रियाशील रूपे घेतो. यांपैकी ज्यांच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला असतो त्यांना ‘मुक्त मूलके’ म्हणतात. ती शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात, तो रेणू स्वतः मूलक बनून पुढच्याचा इलेक्ट्रॉन घेतो आणि अशा साखळीने पेशीपटलातील स्निग्ध पदार्थ, प्रथिने व डीएनए यांची हानी होत जाते. मुक्त मूलकांखेरीज ‘सिंगलेट ऑक्सिजन’ नावाचे आणखी एक रूप असते. त्यात सुटा इलेक्ट्रॉन नसतो, परंतु प्रखर प्रकाशातून मिळालेली जादा ऊर्जा साठलेली असल्याने तेही तितकेच घातक ठरते.

डेनहॅम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये वार्धक्याचे मूळ या मुक्त मूलकांच्या हानीत असावे असा सिद्धान्त मांडला, तर जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर शरीरातच असल्याचे दाखवून दिले. या दुसऱ्या शोधाचे महत्त्व असे की, शरीर बाहेरून येणाऱ्या अँटिऑक्सिडंटांवर विसंबून नसते. डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन अशी स्वतःची भक्कम यंत्रणा त्याच्याकडे असते आणि आहारातून येणारी क व ई जीवनसत्त्वे किंवा कॅरोटिनॉइडे तिला केवळ हातभार लावतात. शिवाय ऑक्सिजनची ही अतिक्रियाशील रूपे नेहमीच शत्रू नसतात, कारण पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी त्यांचाच उपयोग करतात आणि पेशी परस्परांना संदेश देण्यासाठीही अल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. त्यामुळे शरीराचा खरा प्रश्न तोल राखण्याचा असतो आणि हा तोल ऑक्सिडीकरणाच्या बाजूला झुकला की त्या स्थितीला ‘ऑक्सिडीकरणाचा ताण’ म्हणतात.

तेरा दुहेरी बंधांची साखळी

मिठागरांतील हॅलोआर्कियांच्या अंगी प्रामुख्याने आढळणारे लाल रंगद्रव्य बॅक्टेरिओरुबेरिन आणि कोळंबी-शेवंडीच्या अंगी असणारे अ‍ॅस्टॅझँथिन यांची तुलना केली, तर खाऱ्या सरोवराचे आणि समुद्राचे नाते नेमकेपणाने समोर येते. बॅक्टेरिओरुबेरिनच्या रेणूत कार्बनचे ५० अणू असतात, अ‍ॅस्टॅझँथिनच्या रेणूत ४०. परंतु दोन्हींत एकाआड एक दुहेरी बंधांची अशी सलग साखळी असते की तिच्यात १३ दुहेरी बंध मोजता येतात. या साखळीतील इलेक्ट्रॉन एका जागी जखडलेले नसून सर्व लांबीभर पसरलेले असतात. म्हणूनच हे रेणू निळा-हिरवा प्रकाश शोषून लाल दिसतात आणि त्याच कारणाने सिंगलेट ऑक्सिजनची जादा ऊर्जा स्वतःकडे घेऊन तिचे उष्णतेत रूपांतर करू शकतात. या व्यवहारात रेणू खर्ची पडत नाही. एक ऑक्सिजन शांत करून तो पुढच्यासाठी पुन्हा सिद्ध होतो. दोन्ही रेणूंच्या टोकांशी पाण्याशी सलगी करणारे गट असल्याने ते पेशीपटलात आडवे न पडता आरपार उभे राहतात आणि पटलाच्या आत, बाहेर व मध्यभागीही पहारा देतात. प्रखर उन्हात उघड्या पडलेल्या उथळ खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीवाला आणि समुद्रातील कवचधारी प्राण्याला निसर्गाने एकाच धाटणीचे संरक्षण दिले आहे ते असे.

कच्ची कोळंबी करडी किंवा हिरवट दिसते आणि गरम तेलात किंवा रश्शात पडताच नारिंगी होते, या स्वयंपाकघरातील नित्याच्या बदलाचे कारणही हेच द्रव्य होय. जिवंत प्राण्याच्या कवचात अ‍ॅस्टॅझँथिन मोकळे नसून ‘क्रस्टासायनिन’सारख्या प्रथिनांच्या कुशीत बसवलेले असते. शेवंडीच्या क्रस्टासायनिनमध्ये प्रथिनाच्या पकडीमुळे रंगद्रव्य निळ्या प्रकाशाऐवजी नारिंगी-लाल प्रकाश शोषू लागते आणि त्यामुळे कवच निळसर दिसते. याची तपशीलवार स्फटिकरचना ब्रिटिश संशोधकांनी २००२ मध्ये उलगडली. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, अ‍ॅस्टॅझँथिन सुटे होते आणि त्याचा मूळ रंग प्रकट होतो. रंगाचा हा बदल झाला तरी रेणू टिकून राहतो, ही गोष्ट औषधनिर्मितीच्या दृष्टीने उपयोगाची आहे, कारण सोललेल्या कोळंबीच्या टरफलांतून हे द्रव्य तेलात किंवा योग्य द्रावकात उतरवून घेता येते. टरफलांतील त्याचे प्रमाण मात्र फारच अल्प, किलोमागे मिलिग्रॅमांत मोजावे लागेल एवढेच असते.

कोळंबी स्वतः हे रंगद्रव्य मुळापासून तयार करीत नाही. सूक्ष्म शैवाले ते किंवा त्याचे पूर्वद्रव्य तयार करतात. शैवाले खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांतून ते क्रिल (कोळंबीसारखे इवले सागरी प्राणी), कोळंबी यांच्याकडे, त्यांच्यातून सामन माशाच्या स्नायूंत आणि पक्ष्यांच्या पिसांत जाते. पाळलेल्या सामन माशाच्या खाद्यात हे द्रव्य मिसळले नाही, तर त्याचे मांस फिकट करडे राहते. नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहत जाऊन अंडी घालणारी सामनची मादी स्नायूंतील साठा अंड्यांकडे वळवते. रोहित पक्षी नील-हरित जीवाणूंतील पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइडे यकृतात बदलून गुलाबी रूपात आणतो. आज बाजारात मिळणारे नैसर्गिक अ‍ॅस्टॅझँथिनही मोठ्या प्रमाणावर प्राण्यांपासून नव्हे, तर ‘हिमॅटोकॉकस’ या गोड्या पाण्यातील हिरव्या शैवालापासून येते. या शैवालाला पोषणद्रव्यांचा तुटवडा आणि प्रखर प्रकाश यांचा जाच झाला, की ते स्वसंरक्षणासाठी आपल्या पेशी लालभडक रंगद्रव्याने भरून टाकते. क्रिलच्या तेलाला लाल रंग येतो तोही याच द्रव्यामुळे आणि त्या तेलातील सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या ओमेगा-३ मेदाम्लांचे रक्षण करण्याचे काम ते तेथेही बजावते.

अर्चिनच्या अंड्यातून औषधाच्या कुपीत

सर्वच सागरी अँटिऑक्सिडंट लाल कॅरोटिनॉइडे नसतात. अंगभर काटे असलेला, गोल कवचाचा सागरी अर्चिन हा प्राणी या बाबतीत सर्वाधिक बोधप्रद ठरला आहे. अर्चिनच्या अंड्यात शुक्रपेशी शिरताच अंडे काही मिनिटांत हायड्रोजन पेरॉक्साइडचा मोठा लोंढा सोडते आणि त्याच्या साहाय्याने भोवतीच्या आवरणातील प्रथिने परस्परांना जखडून ते कठीण करून टाकते, जेणेकरून दुसरी शुक्रपेशी आत येऊ नये. परंतु हेच पेरॉक्साइड आतील गर्भासाठी विषारी असल्यामुळे अंड्यात ‘ओव्होथायॉल’ नावाच्या गंधकयुक्त संयुगाचा भरपूर साठा असतो आणि तो उरलेले पेरॉक्साइड निकामी करतो. १९८० च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी उलगडलेल्या या यंत्रणेत ऑक्सिडीकरण आणि त्याचा प्रतिबंध ही दोन्ही कामे एकच पेशी जागा व वेळ पाहून करते. त्यावरून अँटिऑक्सिडंटाचे यश त्याच्या केवळ ताकदीवर नसून ते योग्य जागी, योग्य क्षणी असण्यावर ठरते, हे स्पष्ट होते.

याच प्राण्याच्या कवचातील व काट्यांतील ‘इकायनोक्रोम’ हे गडद लाल रंगद्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश वैद्य चार्ल्स मॅकमन यांनी वर्णिले होते. रासायनिकदृष्ट्या ते नॅफ्थोक्विनोन या वर्गात मोडते. लोहाचे आयन जखडून ठेवणे आणि मूलकांना हायड्रोजन देऊन शांत करणे, अशी दुहेरी कामगिरी ते करते. लोहाचे मोकळे आयन हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अतिघातक हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करतात, हे पाहता त्यांना जखडणे हा हानीच्या मुळावरच घाव ठरतो. रशियातील व्लादिवोस्तोक येथील संशोधकांनी चपट्या अर्चिनपासून हे द्रव्य वेगळे करून त्याचा पाण्यात विरघळणारा सोडियम क्षार बनवला आणि ‘हिस्टोक्रोम’ या नावाने तो रशियात डोळ्यांतील रक्तस्राव व दृष्टिपटलाचे विकार आणि हृदयविकाराचा झटका यांवरील उपचारांसाठी वापरात आला.

हृदयविकारात त्याच्या वापरामागील तर्क असा आहे की, गुठळीमुळे बंद पडलेली रक्तवाहिनी पुन्हा उघडली जाते तेव्हा उपाशी राहिलेल्या स्नायूंत अचानक ऑक्सिजन शिरून मूलकांची लाट उसळते आणि रक्तपुरवठा परत मिळाल्यानंतरही काही पेशी त्या लाटेत मरतात. त्या मोजक्या तासांत शिरेवाटे दिलेले अँटिऑक्सिडंट नेमके हानीच्या ठिकाणी आणि हानीच्या वेळी पोहोचू शकते. या औषधाचा वापर मुख्यतः रशिया व शेजारच्या काही देशांपुरता राहिला असून, अनेक देशांत मिळून केलेल्या मोठ्या चाचण्यांचे पाठबळ त्याला लाभलेले नाही. तरीही सागरी प्राण्यातील अँटिऑक्सिडंट प्रत्यक्ष इंजेक्शनच्या रूपात रुग्णालयात पोहोचल्याचे हे ठळक उदाहरण होय.

टरफले, शिंपले आणि यकृतातील तेल

औषधांच्या दृष्टीने पाहिलेल्या इतर सागरी द्रव्यांत अँटिऑक्सिडंट गुण अनेकदा दुय्यम असतो. कोळंबी व खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून मिळणारे कायटोसान धातूंचे आयन धरून ठेवते आणि त्यायोगे ऑक्सिडीकरण काहीसे रोखते. परंतु वैद्यकात त्याने स्थान मिळवले ते रक्त थांबवण्याच्या गुणावर. त्याच्या रेणूंवरील धन विद्युतभार रक्तपेशींच्या ऋण भाराला खेचून घेतो आणि जखमेवर चटकन घट्ट थर धरतो. या तत्त्वावरील पट्ट्यांना अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळून त्या सैनिकांच्या प्रथमोपचारात वापरल्या गेल्या. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने हिरव्या शिंपल्यांपासून, म्हणजे कोकण-गोव्याकडे ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांच्यापासून, सांधेदुखीसाठी ‘कॅडलमिन’ या नावाने पूरक पदार्थ विकसित केला असून, त्यात दाह कमी करणाऱ्या घटकांवर भर आहे. माशांच्या मांसातील ॲन्सरीन व कार्नोसीन ही लहान पेप्टाइडे आणि कालवे, माकूळ यांतील टॉरीन हे द्रव्यही पेशींना ऑक्सिडीकरणाच्या ताणातून सावरतात असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

खोल समुद्रातील शार्कच्या यकृतात साठणारे स्क्वालिन हे तेलही सिंगलेट ऑक्सिजनला आवर घालते. जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारु त्सुजिमोतो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते ओळखले आणि पुढे लसींचा परिणाम वाढवणाऱ्या मिश्रणात व सौंदर्यप्रसाधनांत त्याचा मोठा खप झाला. खोल पाण्यातील शार्क सावकाश वाढतात आणि पिल्ले फार थोडी देतात, त्यामुळे या मागणीचा त्यांच्या संख्येवर ताण येतो. ऑलिव्ह आणि राजगिऱ्याच्या तेलातही स्क्वालिन असल्याने वनस्पतिजन्य पर्याय उपलब्ध आहे, ही समाधानाची बाब होय.

परीक्षानळीपासून रुग्णापर्यंतचे अंतर

अ‍ॅस्टॅझँथिन हे क जीवनसत्त्वाच्या कित्येक हजारपट प्रभावी असल्याच्या जाहिराती सर्रास दिसतात. ही तुलना सिंगलेट ऑक्सिजन शांत करण्याच्या परीक्षानळीतील एका विशिष्ट मोजणीवर आधारलेली असते आणि क जीवनसत्त्वाचे शरीरातील मुख्य काम मुळात तेथे मोजलेच जात नाही. अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट शक्तीचा ‘ओरॅक’ नावाचा असाच एक अंक पूर्वी लोकप्रिय होता. परंतु त्या अंकाचा मानवी आरोग्यावरील परिणामाशी संबंध सिद्ध होत नसल्यामुळे आणि जाहिरातींत त्याचा गैरवापर होत असल्यामुळे अमेरिकेच्या कृषी विभागाने त्याची सारणी २०१२ मध्ये मागे घेतली. गिळलेले द्रव्य आतड्यातून किती शोषले जाते, यकृत त्याचे काय करते आणि ज्या ऊतीत हानी होत आहे तेथे त्याचा किती अंश पोहोचतो, यांवर औषधाचे भवितव्य ठरते. कॅरोटिनॉइडे तर तेलात विरघळणारी असल्याने स्निग्धांशाविना ती धड शोषलीही जात नाहीत.

अँटिऑक्सिडंट म्हणजे निरुपद्रवी, ही समजूतही तपासाअंती टिकली नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना घेऊन झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. अमेरिकेतील दुसऱ्या मोठ्या चाचणीत बीटा-कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व एकत्र देण्यात आले होते. तीत हे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ती वेळेआधीच थांबवावी लागली. बीटा-कॅरोटिन हे गाजर आणि पालेभाज्यांतून रोज पोटात जाणारे साधे द्रव्य, तरीही मोठ्या मात्रेत आणि तंबाखूच्या धुराच्या सोबतीत त्याचे वर्तन बदलले. २००९ मध्ये जर्मनीतील एका अभ्यासात व्यायामाबरोबर क व ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या असता, व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद सुधारण्याऐवजी तो लाभच दबल्याचे दिसले. व्यायामाने निर्माण होणारी थोडी मूलके शरीराला बळकट होण्याचा इशारा देत असतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

अ‍ॅस्टॅझँथिनवर झालेल्या मानवी चाचण्या बहुतांशी लहान आणि थोड्या आठवड्यांच्या आहेत. त्वचेची लवचिकता, डोळ्यांचा थकवा, व्यायामानंतरचा शीण आणि रक्तातील ऑक्सिडीकरणाची काही चिन्हे यांत त्यांतील अनेकांनी अनुकूल बदल नोंदवले. परंतु हृदयविकार, मधुमेह किंवा कर्करोग या रोगांवरील उपचार म्हणून त्याला मान्यता मिळालेली नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये प्रौढांसाठी पूरक आहारातून रोज ८ मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण सुरक्षित मानले. लहान मुलांना मात्र ते लागू केले नाही. भारतात अशा कॅप्सूल ‘आरोग्य पूरक’ या वर्गात येतात आणि त्यांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे. शहरातील दुकानात असो की मेहकर-खामगावच्या बाजारपेठेत, कॅप्सूलची डबी घेताना ही ओळ वाचली तरी पुष्कळसा गैरसमज टळतो. कवचधारी प्राण्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर वैद्यकीय सल्ल्याविना क्रिल-तेल किंवा शिंपल्यांचे अर्क घेऊ नयेत.

सागरी द्रव्यांतून सिद्ध औषधे निघतच नाहीत असे मात्र नव्हे. स्पंजातील संयुगांवरून सुचलेले सायटॅराबीन १९६९ पासून रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते, शंखवर्गी प्राण्याच्या विषापासून सुचलेल्या झिकोनोटाइडला २००४ मध्ये तीव्र वेदनांसाठी मान्यता मिळाली आणि स्पंजाच्याच द्रव्यावर बेतलेले एरिब्युलिन २०१० मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी आले. ही औषधे यशस्वी झाली, कारण प्रत्येकाचे शरीरातील लक्ष्य एकच आणि नेमके होते. सर्वत्र फिरून सगळ्याच मूलकांना शांत करण्याची अपेक्षा ज्या द्रव्याकडून केली जाते, त्याला असे नेमके लक्ष्य नसते, आणि अँटिऑक्सिडंटांच्या गोळ्यांची मर्यादा नेमकी येथे आहे.

पुरवठ्याचा प्रश्न आणि पुढील वाट

औषधासाठी समुद्रातून प्राणी उपसत राहणे हा टिकाऊ मार्ग नाही, हे भारतीय कायद्याने काही अंशी आधीच ओळखले आहे. औषधी म्हणून परदेशांत मोठी मागणी असलेल्या समुद्री काकड्यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान असून त्यांची पकड व व्यापार हा गंभीर गुन्हा ठरतो. याउलट कोळंबीची टरफले ही प्रक्रिया उद्योगाची उरवण असल्याने त्यांतून अ‍ॅस्टॅझँथिन आणि कायटोसान काढणे हे कचऱ्याचे मोल वाढवणे होय. आणि रंगद्रव्य मुळात सूक्ष्मजीवच बनवतात हे एकदा मान्य केले, तर प्राण्याला मध्यस्थ न ठेवता टाक्यांत शैवाले किंवा क्षारप्रिय सूक्ष्मजीव वाढवून ते मिळवणे अधिक सरळ ठरते. फार खारट पाण्यात इतर जंतू टिकत नसल्यामुळे हॅलोआर्कियांची शेती संसर्गापासून सुरक्षित राखणे सोपे जाते आणि पेशी गोड्या पाण्यात टाकल्या की आपोआप फुटून रंगद्रव्य सुटे होते, या दोन गुणांमुळे बॅक्टेरिओरुबेरिनकडे संशोधकांचे लक्ष वाढत आहे.

या टप्प्यावर लोणार पुन्हा महत्त्वाचे ठरते, कारण तेथील स्पिरुलिना आणि क्षारप्रिय जीव हे असे संशोधन चालवण्यासाठी महाराष्ट्राच्या अंगणातील भांडार आहे. परंतु हे भांडार उघडे नाही आणि तसे असूही नये. सरोवर अभयारण्याच्या क्षेत्रात येते, त्यामुळे नमुने घेण्यास वनविभागाची परवानगी लागते; आणि जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे तेथील जीवांचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने ज्या भूमीतून ते घेतले तिच्या लोकांना लाभात वाटा देणे अपेक्षित आहे. त्या कायद्याची राज्यातील अंमलबजावणी पाहणारे महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ नागपुरात आहे. सूक्ष्मजीवाचा एक नमुना प्रयोगशाळेत वाढवला की सरोवराला पुन्हा हात लावावा लागत नाही. म्हणून संवर्धन आणि संशोधन यांत येथे विरोध नाही, मात्र पाण्याचा सामू व खारटपणा बदलणारे सांडपाणी किंवा गोड्या पाण्याचे अनिर्बंध लोट सरोवरात उतरू लागले, तर रंगद्रव्य बनवणारे जीवच नाहीसे होतील.

सामान्य वाचकासाठी या साऱ्याचा व्यवहारातील निष्कर्ष साधा आहे. समुद्रातील मासळी आहारात असेल तर ती उत्तम. ज्यांच्या ताटात ती नाही त्यांना गाजर, लाल मिरची, टोमॅटो, शेवग्याचा पाला आणि पालेभाज्या यांतून कॅरोटिनॉइडांचा पुरवठा होतो आणि त्यांच्या शोषणासाठी फोडणीतील तेल पुरेसे असते. अँटिऑक्सिडंटांचे खरे वैद्यकीय भविष्य रोजच्या कॅप्सूलपेक्षा दृष्टिपटल, गुठळीतून मोकळे होणारे हृदय किंवा न भरणारी जखम अशा ठिकाणी आहे, जेथे ऑक्सिडीकरणाची हानी एका जागी आणि ठरावीक वेळात होते व द्रव्य थेट तेथे पोहोचवता येते. त्या दिशेने संशोधन करणाऱ्या संस्थांनी रंगद्रव्ये कोठून आणायची याचा विचार करताना कोकणच्या किनाऱ्यावरील टरफलांइतकाच लोणारच्या पाण्याचाही विचार करावा, एवढी सामग्री विज्ञानाने एव्हाना जमवून दिली आहे.